स्टेशनापासून घरापर्यंत: नाशिकची ट्राम, दादरचे टर्मिनस आणि तेरखेड्याचा प्रवासी

प्रश्न नेमका कोणता

रेल्वेचा हिशेब आपल्याकडे रुळांवरून मांडला जातो. किती किलोमीटर मार्ग टाकला, दुहेरीकरण कुठवर आले, नव्या गाडीला कुठे थांबा मिळाला, यांवर निवेदने दिली जातात आणि बातम्या होतात. प्रवाशाचा हिशेब वेगळा असतो. तो उंबरठ्यापासून उंबरठ्यापर्यंत मोजला जातो आणि त्यातला सर्वांत अनिश्चित भाग बहुतेक वेळा रुळांवर नसतोच. तो स्टेशन आणि घर यांच्यामध्ये असतो. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशी तालुक्यातले तेरखेडा घ्या. सोलापूर–धुळे महामार्गावरचे हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी राज्यभर माहीत आहे. गावाला रेल्वे नाही. तिथल्या माणसाला रेल्वेने मुंबईला जायचे असेल, तर आधी बार्शी किंवा धाराशिव गाठावे लागते, रात्रीची लातूर–मुंबई एक्स्प्रेस धरावी लागते आणि सकाळी दादरला उतरून पुन्हा पुढचे वाहन शोधावे लागते. एकाच प्रवासात एकच प्रश्न दोनदा येतो: पहिल्यांदा माळरानावर, दुसऱ्यांदा महानगरात. दोन्ही ठिकाणची परिस्थिती इतकी वेगळी आहे की हा एकच प्रश्न आहे हे सहसा ध्यानात येत नाही.

या प्रश्नावर दीडशे वर्षे चर्चा चालू आहे. तिचा बराचसा भाग वाहनाभोवती फिरत आला: घोड्याची ट्राम की विजेची, ट्राम की बस, बस की मेट्रो. या लेखात त्या चर्चेची पार्श्वभूमी, आजच्या मुख्य भूमिका आणि न सुटलेले मुद्दे क्रमाने मांडले आहेत. त्यातून निघणारे प्रतिपादन असे: वाहन कोणते हा महत्त्वाचा, पण दुसरा प्रश्न आहे. स्टेशन आणि घर यांच्यातल्या अंतराची जबाबदारी कोणाची, हा पहिला प्रश्न आहे. ती जबाबदारी कोणाकडे तरी होती, तिथे वाहन बदलले तरी जोड टिकली. ती कोणाकडेच नव्हती, तिथे चांगले वाहनही टिकले नाही.

गावाबाहेरची स्टेशने आणि काल्थ्रॉपचे दोन प्रयोग

ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे जीआयपी रेल्वेने मुंबईहून दक्षिणेकडे आणि उत्तरेकडे मार्ग टाकले, तेव्हा मोठी शहरे थेट जोडणे हा उद्देश होता. मधली व्यापारी पेठ मार्गापासून दूर राहिली, तर तिच्यासाठी मार्ग वळवला जाईलच असे नव्हते. पुण्याहून सोलापूरकडे जाणारा मार्ग १८५९ मध्ये कुर्डुवाडीपर्यंत आला. बार्शी ही कापूस आणि गळिताच्या धान्यांची मोठी पेठ तिथून सुमारे ३५ किलोमीटरवर राहिली आणि कुर्डुवाडीचे स्टेशन ‘बार्शी रोड’ म्हणून ओळखले जाऊ लागले. नाशिकचेही तेच झाले. गोदाकाठचे तीर्थक्षेत्र एकीकडे आणि ‘नाशिक रोड’ आठ-नऊ किलोमीटर दुसरीकडे. महाराष्ट्रातल्या अशा कितीतरी गावांना रेल्वे मिळाली, पण ती दारात आली नाही. मधले अंतर बैलगाडी, टांगा आणि पाय यांच्यावर सोडून देण्यात आले.

हे अंतर रुळांनीच भरून काढण्याचे दोन प्रयत्न एकाच अभियंत्याच्या नावाशी जोडलेले आहेत, आणि मराठवाड्याच्या वाचकाला त्यांपैकी दुसरा चांगला परिचयाचा आहे. एव्हरार्ड काल्थ्रॉप हा नाशिकच्या ट्रामचा सल्लागार अभियंता होता. १८८९ मध्ये उभी राहिलेली ही ट्राम अडीच फुटी अरुंद रुळांवरून चाले. चार घोडे दोन डबे ओढत आणि शहरातल्या मेन रोडवरून थेट नाशिक रोड स्टेशन गाठत. मधला बराच रस्ता तेव्हा निर्जन होता, त्यामुळे यात्रेकरूला टांग्याखेरीज दुसरा भरवशाचा पर्याय मिळाला. भांडवल खासगी होते. पुढे दुष्काळ, प्लेग आणि सततचा तोटा यांनी कंपनी खंगली आणि १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला ट्राम बंद पडली.

दुसरा प्रयोग बार्शी लाइट रेल्वेचा. हिची कंपनी १८९५ मध्ये लंडनला नोंदली गेली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी अशी गाडी धावू लागली. रुळांची रुंदी तीच, अडीच फूट. काल्थ्रॉपचे म्हणणे होते की रूळ हलके आणि अरुंद असले तरी प्रत्येक चाकजोडीवरचा भार सारखा वाटला, तर भरपूर माल वाहता येतो. इंजिने आणि वाघिणी त्या हिशेबाने बनवून घेतल्या होत्या. मार्ग १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचला. एकूण लांबी सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास गेली. ब्रिटिश मुलखातली बार्शी आणि निजामाच्या राज्यातले येडशी, लातूर एका मार्गावर आले. मुळात ही रेल्वे म्हणजे एका मोठ्या स्टेशनाला जोडणारी पुरवणी होती. पुरवणीच पुढे प्रदेशाची मुख्य वाट झाली.

मात्र या यशाला एक कायमची अडचण चिकटली होती. कुर्डुवाडीला रुळांची रुंदी बदलत असे. लातूर-बार्शीकडून आलेले पोते अरुंद वाघिणीतून उतरवायचे, हमालाच्या पाठीवर घ्यायचे आणि रुंद वाघिणीत पुन्हा थप्पीला लावायचे. प्रवाशालाही गाठोडी घेऊन फलाट बदलावा लागे. गाडी कितीही स्वस्त असली तरी बदलाच्या त्या जागी वेळ, मजुरी आणि नासधूस यांचा बोजा पडायचा. प्रवास जोडणारी प्रत्येक व्यवस्था अखेर या बदलाच्या जागीच पारखली जाते. पुढे १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने बार्शी लाइट ताब्यात घेतली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे रुंदीकरण सुरू झाले. त्याच कामात मार्ग वळवून धाराशिव शहराला पहिल्यांदा रेल्वे मिळाली. जुन्या अरुंद मार्गाने जिल्ह्याचे हे मुख्य ठिकाण बाजूलाच ठेवले होते.

दादर टी.टी.: उपनगरी स्टेशन आणि ट्रामचे टोक

भारतातली पहिली ट्राम मुळात स्टेशनासाठीच धावली. २४ फेब्रुवारी १८७३ रोजी कोलकात्यात सियालदह ते आर्मेनियन घाट अशी घोड्यांची ट्राम सुरू झाली. रेल्वेने आलेला माल आणि माणसे नदीच्या घाटापर्यंत नेणे हे तिचे काम होते. ती त्याच वर्षी बंद पडली. मुंबईत ९ मे १८७४ रोजी कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी अशा दोन वाटांवर घोड्यांच्या ट्राम निघाल्या. बोरीबंदर हे जीआयपीचे टोकाचे स्टेशन असल्याने पहिल्या दिवसापासून ट्राम आणि रेल्वे यांची गाठ पडली. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम आली, १९२० मध्ये दुमजली ट्राम आल्या, आणि जाळे उत्तरेकडे सरकत दादरपर्यंत गेले.

दादरचे उदाहरण सर्वांत बोलके आहे, कारण तिथे ट्राम आधीच भरलेल्या शहरात घुसवलेली नव्हती. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. दाटीवाटीच्या वस्तीतून माणसे बाहेर काढून दादर, माटुंगा, वडाळा, शीव या भागात आखीव वस्ती उभारण्याची योजना त्याने हाती घेतली. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी त्या आखणीतून आल्या. या वस्तीचा कणा असलेला व्हिन्सेंट रोड, आजचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्ग, रुंद ठेवला गेला आणि त्यावरून ट्राम दक्षिणेकडे परळ-भायखळ्याला जोडली गेली. दादरला जीआयपी आणि बीबीसीआय या दोन रेल्वेंची स्टेशने शेजारी शेजारी होती. स्टेशनापासून चालत जाण्याच्या अंतरावर ट्रामचे टोक होते. शेवटची ट्राम धावून साठ वर्षे होऊन गेली तरी खोदादाद सर्कलचा तो परिसर दादर टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस याच नावाने ओळखला जातो. टॅक्सीवाल्याला आजही तेवढे सांगितले की पुरते.

या आखणीत तीन घटकांची सांगड बसली होती: जमीन आखणारी संस्था, रस्त्यावरची वाहतूक चालवणारी कंपनी आणि रेल्वे. १९०५ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनीला ट्राम चालवण्याचा हक्क पालिकेशी केलेल्या कराराने मिळाला होता. हक्काबरोबर जबाबदारीही होती. १५ जुलै १९२६ रोजी त्याच कंपनीने बस सुरू केली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी पालिकेने कंपनी ताब्यात घेतली आणि बेस्ट उपक्रम सार्वजनिक झाला. मालकी बदलली, वाहने बदलली, पण दादरच्या प्रवाशाला स्टेशनाबाहेर कोणाकडे बोट दाखवायचे हे माहीत होते.

ट्राम का गेली: दोन बाजू

३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदर ते दादर अशी शेवटची ट्राम धावली. दिल्लीची ट्राम १९६३ मध्ये आणि चेन्नईची त्याआधी दहा वर्षे बंद झाली होती, तेव्हा हा एकट्या मुंबईचा निर्णय नव्हता. बंद करण्याच्या बाजूने दिली गेलेली कारणे ठोस होती. रूळ रस्त्याच्या मधोमध असल्याने चढणाऱ्या-उतरणाऱ्याला धावत्या मोटारींमधून वाट काढावी लागे. एक ट्राम बिघडली की तिच्यामागची सगळी रांग थांबे. डबे, रूळ आणि वरच्या तारा जुन्या झाल्या होत्या. त्यांचे नूतनीकरण महाग होते. त्याच पैशांत बस जास्त रस्त्यांवर जाऊ शकत होती आणि वस्ती सरकली की मार्गही सरकवता येत होता. उपनगरे ट्रामच्या टोकांपलीकडे वाढत होती. तिथवर रूळ नेणे परवडणारे नव्हते. पन्नासच्या दशकापासून एकेक मार्ग बंद होत गेला तो याच हिशेबाने.

ट्रामच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे तेवढेच विचारात घेण्याजोगे आहे. ट्राम स्वस्त होती, धूर सोडत नव्हती, एका फेरीत पुष्कळ माणसे नेत होती आणि तिचा मार्ग डोळ्यांना दिसत असल्याने नवख्या माणसालाही तो विचारावा लागत नव्हता. रस्ता अडतो तो ट्रामने की वाढत्या खासगी मोटारींनी, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. तो आज युरोपात वेगळ्या रीतीने सुटला आहे. फ्रान्समधल्या नांत शहराने १९८५ मध्ये आणि स्ट्रासबुर्गने १९९४ मध्ये ट्राम पुन्हा आणली, पण जुन्या रूपात नव्हे. तिच्यासाठी रस्त्याचा वेगळा पट्टा राखला आणि मोटारींची जागा कमी केली. जर्मनीतल्या कार्ल्सरूहे शहरात १९९२ पासून शहरातली ट्राम थेट रेल्वेच्या रुळांवर जाऊ लागली, म्हणजे गाडी बदलण्याची गरजच काही मार्गांवर उरली नाही. उलट कोलकात्यात ट्राम रस्त्यावर मिसळूनच चालत राहिली आणि आकसत गेली. २०२४ मध्ये राज्य सरकारने एक मार्ग वगळता ती बंद करण्याचा मनोदय जाहीर केला, तर ट्रामप्रेमी नागरिकांनी न्यायालयाचा दरवाजा ठोठावला.

हे पुरावे शेजारी ठेवले की एक गोष्ट दिसते. मुंबईत ट्राम गेली तेव्हा दादरची जोड तुटली नाही, कारण ट्राम चालवणारी आणि तिच्या जागी बस आणणारी संस्था एकच होती. नाशिकच्या ट्रामचे तसे नव्हते. तिची कंपनी बुडाली तेव्हा मधले अंतर रेल्वेच्या हिशेबात नव्हते आणि नगरपालिकेच्याही नव्हते, म्हणून ते पुन्हा टांग्यांकडे गेले. पहिल्या ठिकाणी वाहन संपले, दुसऱ्या ठिकाणी सेवा संपली. या फरकाचे मूळ तंत्रज्ञानात सापडत नाही.

आजच्या चार भूमिका

सध्याच्या चर्चेत ढोबळमानाने चार भूमिका दिसतात. पहिली रुळांची किंवा राखीव मार्गाची बाजू घेते. तिचे म्हणणे असे की मोठ्या स्टेशनाबाहेरची गर्दी रस्त्यावरच्या वाहनांना पेलवत नाही. वेगळी वाट हवी. मुंबईत ८ जून २०१४ रोजी सुरू झालेली वर्सोवा–अंधेरी–घाटकोपर मेट्रो हे या भूमिकेचे सर्वांत भक्कम उदाहरण आहे. तिने पश्चिम आणि मध्य या दोन उपनगरी मार्गांना आडवे जोडले, जे काम ट्रामनेही कधी त्या वेगाने केले नव्हते. नाशिकसाठी याच विचारातून मेट्रो निओची योजना पुढे आली: उंचावरच्या मार्गावरून, वरच्या तारेतून वीज घेत धावणारी रबरी टायरची जोडगाडी, जिचा एक मुख्य मार्ग गंगापूरहून नाशिक रोड स्टेशनापर्यंत जातो. २०२१च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी रुपयांची घोषणा झाली, पण त्यानंतरची वर्षे ती कागदावरच राहिली. घोड्यांच्या ट्रामने १८८९ मध्ये जोडलेले तेच स्टेशन आणि तेच शहर पुन्हा जोडण्यासाठी सव्वाशे वर्षांनंतर नवा आराखडा करावा लागतो, यावरून ही गरज तात्पुरती नव्हती हे कळते.

दुसरी भूमिका बसची आहे. तिचा आधार खर्च आणि लवचीकता. ९ जुलै २०१९ पासून बेस्टने किमान भाडे ५ रुपयांवर आणले तेव्हा प्रवासी मोठ्या संख्येने परतले आणि स्टेशनाजवळच्या छोट्या फेऱ्यांना विशेष फायदा झाला. स्टेशन ते घर हे अंतर थोडे असते. तिथे दोन-चार रुपयांचा फरकही माणसाला बसकडे ओढतो किंवा तिच्यापासून लांब ढकलतो. मे २०२५ मध्ये किमान भाडे १० रुपये झाले, कारण तोटा पेलणे उपक्रमाला अशक्य होत चालले होते. स्वस्त भाडे हे सार्वजनिक हिताचे आहे हे मान्य केले, तर त्याचा भार कोणी उचलायचा, या प्रश्नावर बसची भूमिका अडते. नाशिकमध्ये जुलै २०२१ पासून महापालिकेच्या महामंडळामार्फत सिटीलिंक बस चालते. तिथेही तोट्याचा मुद्दा वारंवार येतो.

तिसरी भूमिका शेअर रिक्षा, टॅक्सी आणि जीप यांची. तिच्या पाठीराख्यांच्या मते प्रवाशाची गरज सरकारी आराखड्याच्या आधी रिक्षावाल्याला कळते. हे खरे आहे. उपनगरातल्या कित्येक स्टेशनांबाहेर ठरलेल्या भाड्याच्या शेअर रिक्षांची रांग नसती, तर लाखो लोक अडकून पडले असते. मर्यादा अशी की वाहन भरले की सुटते, गाडी आली की नाही. गर्दीच्या वेळी सोय उत्तम, पण उशिराच्या गाडीला, पावसात किंवा कमी प्रवासी असलेल्या वाटेवर तीच सोय नाहीशी होते.

चौथी भूमिका पायी चालणाऱ्यांची आहे आणि तिला सर्वांत कमी आवाज मिळतो. उपनगरी स्टेशनावर उतरणाऱ्यांपैकी मोठा वर्ग चालतच घरी किंवा कामावर जातो. ठाण्याच्या पश्चिमेला सॅटिसचा उड्डाण-चौथरा बांधून बस वर आणि बाकी रहदारी खाली अशी विभागणी झाली; वांद्र्याला २००८ मध्ये स्कायवॉक आला आणि मग अनेक स्टेशनांना तो जोडला गेला. समर्थकांच्या मते यामुळे माणूस रहदारीपासून सुरक्षित झाला. टीकाकारांच्या मते जमिनीवरचा पदपथ मोकळा करण्याऐवजी चालणाऱ्यालाच जिना चढायला लावला. वृद्ध, गरोदर महिला आणि ओझे घेतलेला माणूस यांच्या दृष्टीने पाहिले तर टीकेत तथ्य आहे. फलाटावरून थेट रस्त्यापलीकडे जाणाऱ्याच्या दृष्टीने समर्थनात तथ्य आहे.

तेरखेड्याच्या बाजूने पाहिल्यास

या चारही भूमिका शहरांतून घडल्या आहेत. ग्रामीण टोकाला त्यांचा कस वेगळ्या रीतीने लागतो. तेरखेड्याजवळच्या रेल्वेमार्गावर बार्शी, येडशी आणि धाराशिव अशी स्टेशने आहेत. तिथवर जायला एसटी आहे, खासगी गाड्या आहेत आणि काळी-पिवळी आहे. दिवसा अडचण फारशी जाणवत नाही. पण मुंबईची गाडी रात्रीची आहे आणि गावाकडच्या एसटीच्या फेऱ्या मुख्यतः दिवसाच्या. त्यामुळे माणसाला एक तर संध्याकाळीच जाऊन स्टेशनावर बसून राहावे लागते, नाही तर ओळखीच्या गाडीची किंवा भाड्याच्या वाहनाची तजवीज करावी लागते. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्म्या भाड्याची सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास आहे. स्टेशनाच्या वेळेला एसटी नसेल, तर ही सवलत त्या प्रवासापुरती हातातून जाते आणि ज्यांच्यासाठी ती दिली त्यांनाच पूर्ण भाडे मोजावे लागते. राज्याने दिलेला लाभ केवळ वेळापत्रक न जुळल्यामुळे वाया जातो.

इथे एक रास्त आक्षेप येतो. तेरखेडा महामार्गावर आहे. त्याला रेल्वेची इतकी गरजच काय? फटाक्यांचा धंदा तर ट्रकांवर चालतो आणि १९८९च्या रेल्वे कायद्यानुसार स्फोटक वस्तू सोबत घेऊन रेल्वेने प्रवास करणे हा गुन्हाच आहे. लांबच्या खासगी बस महामार्गावरूनच जातात. आक्षेपाचा पहिला भाग पूर्ण खरा आहे: गावाच्या मालाला रेल्वेचा उपयोग नाही. पण माणसांची गोष्ट वेगळी आहे. मुंबई-पुण्याला शिकणारा विद्यार्थी, मोठ्या रुग्णालयात उपचाराला जाणारा रुग्ण, लांब कामाला गेलेले कुटुंब यांच्यासाठी रेल्वेचे भाडे खासगी बसच्या तुलनेत बरेच कमी पडते आणि दिवाळीच्या हंगामात, बसभाडी चढतात तेव्हा, हा फरक आणखी वाढतो. रस्ता जवळ असणे आणि परवडणारा प्रवास जवळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जिल्ह्यात हा प्रश्न यापुढे मोठा होणार आहे. सोलापूर–तुळजापूर–धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा नवा मार्ग मंजूर झाला असून त्याच्या खर्चाचा निम्मा वाटा राज्य उचलत आहे. उत्तरेला १७ सप्टेंबर २०२५ रोजी अहिल्यानगरहून बीडपर्यंत गाडी सुरू झाली. नवरात्रात तुळजापूरला येणारा भाविक स्टेशनावर उतरल्यावर मंदिरापर्यंत कसा जाईल, हे स्टेशनाची इमारत पूर्ण झाल्यावर ठरवायचे की आता, असा पर्याय आज खुला आहे. नाशिक रोडला ट्राम येईपर्यंत आणि बार्शी रोडला लाइट रेल्वे येईपर्यंत अनेक वर्षे गेली. बार्शीच्या बाबतीत तर १८५९ ते १८९७ असा अडतीस वर्षांचा काळ. नव्या मार्गांवर तेवढी प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.

प्रतिपादनावरचे आक्षेप

जबाबदारी कोणाची हा पहिला प्रश्न मानला, तर त्यावर तीन आक्षेप येतात. पहिला अनुभवाचा आहे. २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने मोठ्या शहरांसाठी एकात्मिक वाहतूक प्राधिकरण सुचवले. मुंबईसाठी तसे प्राधिकरण २००८ मध्ये शासन निर्णयाने झालेही. तरी स्टेशनाबाहेरचे चित्र पालटले नाही. मग संस्था नेमून काय साधले? याचे उत्तर असे की नावापुरती संस्था म्हणजे जबाबदारी नव्हे. ज्या संस्थेला वेळापत्रक ठरवण्याचा, भाडे जोडण्याचा आणि तोटा भरून देण्याचा अधिकार नाही, ती फक्त बैठका घेऊ शकते. जुन्या ट्राम कंपनीकडे करार होता, त्यात तिचे हक्क आणि कर्तव्ये दोन्ही लिहिलेली होती. आजच्या प्राधिकरणांत नेमके तेच कमी पडते.

दुसरा आक्षेप संख्येचा. दादरला प्रत्येक गाडीतून हजारो उतरतात, धाराशिवला किंवा येडशीला रात्री मोजकी माणसे. तेवढ्यांसाठी बस चालवणे परवडेल कसे? मोठी बस चालवणे परवडणार नाही, हे मान्य करायला हवे. पण सेवा म्हणजे मोठी बसच असे नाही. अस्तित्वात असलेल्या शेवटच्या फेरीची वेळ गाडीला जुळवणे, रात्रीसाठी ठरलेल्या भाड्याची आणि नोंदणी केलेली जीप परवान्याच्या अटीत बांधणे, एवढे कमी खर्चात होऊ शकते. त्यासाठी एसटी, परिवहन विभाग आणि रेल्वे यांपैकी कोणीतरी ते आपले काम मानले पाहिजे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: वाहन दुय्यम कसे म्हणता? दादर किंवा नाशिक रोडसारख्या ठिकाणी क्षमता हीच अडचण आहे. जबाबदार संस्था असली तरी अरुंद रस्त्यावर बस अडकणारच. हे मर्यादित अर्थाने बरोबर आहे. गर्दीची एक पातळी ओलांडली की राखीव मार्ग लागतोच, आणि तो रुळांचा की टायरचा हे त्या ठिकाणच्या रस्त्यावर आणि पैशावर अवलंबून राहील. पण २०१७च्या मेट्रो धोरणानेच राज्यांवर स्टेशनाच्या पाच किलोमीटर परिसरातल्या पूरक सेवेची हमी देण्याची अट घातली, ती याच जाणिवेतून. मोठे वाहन आणले तरी त्याच्या टोकाला पुन्हा एक छोटे अंतर उरते, आणि ते कोणाचे हे विचारावेच लागते. क्षमतेचा प्रश्न जबाबदारीचा प्रश्न संपवत नाही. फक्त एक टप्पा पुढे ढकलतो.

न सुटलेले मुद्दे

चार मुद्द्यांवर अजून एकमत नाही. पहिला पैशाचा: जोडसेवेचा तोटा रेल्वेने उचलावा, पालिकेने की राज्याने? रेल्वेला त्या प्रवाशांमुळे उत्पन्न मिळते, पण रस्ता तिचा नाही. दुसरा तिकिटाचा: घरापासून घरापर्यंत एकच तिकीट तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे, उत्पन्नाची वाटणी कशी करायची यावर ते अडते. तिसरा जमिनीचा: स्टेशनाबाहेरची मोकळी जागा वाहनतळाला द्यावी, बसला, फेरीवाल्याला की चालणाऱ्याला, यावर प्रत्येकाचा दावा रास्त आहे आणि जागा मात्र तेवढीच आहे. चौथा ग्रामीण टोकाचा: एकात्मिक वाहतुकीची सगळी धोरणे महानगरांसाठी लिहिली गेली; तालुक्याच्या गावापासून स्टेशनापर्यंतचा प्रवास कोणत्याच धोरणात नावाने येत नाही.

या चारांपैकी शेवटचा सर्वांत आधी सुटू शकेल, कारण त्याला उड्डाणपूल लागत नाहीत की हजारो कोटी लागत नाहीत. नव्या स्टेशनाचा आराखडा मंजूर होतानाच त्याच्या जोडसेवेचा मालक कोण, तिचे वेळापत्रक कोण जुळवणार आणि तोटा कोण सोसणार, ही तीन उत्तरे आराखड्यात लिहून घेणे बंधनकारक केले, तर तुळजापूर, बीड आणि धाराशिव या स्टेशनांना नाशिक रोडसारखे दुसऱ्या शतकात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही. ट्राम परत यावी की नाही यावर जाणकारांत मतभेद राहतील आणि ते राहणे योग्यही आहे. रेल्वेचे काम फलाटावर संपते या समजुतीवर मात्र मतभेदाला फारशी जागा उरलेली नाही. उपलब्ध पुरावा तिच्या विरुद्ध जातो, आणि त्या समजुतीची किंमत रात्रीच्या गाडीने येणारा-जाणारा तेरखेड्याचा माणूस आजही मोजतो आहे.